विजयनगरातला मोकळा रविवार

फौजी माणसाला गावं दोनच तऱ्हांनी ठाऊक असतात. एक म्हणजे स्टेशनावरून. पठाणकोट, जम्मू तवी, न्यू जलपायगुडी, दिमापूर इथे आमच्या पिढीतल्या बहुतेक जवानांनी रात्री काढल्या आहेत. पण ट्रान्झिट कॅम्प, एमसीओची खिडकी आणि फलाटावरची आपली काळी ट्रंक सोडून त्या गावात आणखी काय आहे, असं विचारलंत तर तो लंगरातली डाळ कशी होती ते सांगेल. दुसरी तऱ्हा लढाईची. गाव नकाशावर नंतर सापडतं, लढाई आधी पाठ असते.

बेळगावला मराठा सेंटरमध्ये रिक्रूट असताना उस्ताद आमच्याकडून रेजिमेंटच्या लढायांची नावं घोकून घ्यायचे. त्यात ‘केरेन’ होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात १९४१ साली इटलीच्या फौजेविरुद्ध झालेली डोंगरातली लढाई. आपल्या मराठा पलटणी तिथे लढल्या. पुढची कितीतरी वर्षं केरेन म्हणजे एक डोंगर आणि त्यावर चढणारे आपले लोक, एवढंच चित्र माझ्या डोक्यात होतं. केरेन हे माणसांचं गाव आहे, तिथे सोमवारी गुराउंटांचा मोठा बाजार भरतो, हे फार उशिरा कळलं.

म्हैसूरच्या बाबतीतही वेगळं नव्हतं. एनसीसीच्या पीआय स्टाफवर म्हैसूरला पोस्टिंग आली तेव्हा हातात मूव्हमेंट ऑर्डर आणि डोक्यात शाळेतला इतिहास होता: हैदर, टिपू, श्रीरंगपट्टणचा वेढा, हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन. श्रीरंगपट्टण म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मी ते बघूनही आलो. म्हैसूर शहर मात्र सहा महिने झाले तरी बघितलं नव्हतं.

खोली घेतली होती विजयनगरला. शहराच्या वायव्येला, हुणसूर रस्त्याच्या उजव्या हाताला पसरलेली ही मोठी वसाहत. फर्स्ट स्टेजपासून फोर्थ स्टेजपर्यंत चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशी आखीव रस्त्यांची जाळी. पत्ता सांगायचा तर कितवा मेन, कितवा क्रॉस. आपल्या छावणीतल्या लाइनींची सवय असलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं. रिक्षावाल्याला पाण्याची टाकी म्हटलं की पुरतं. घरमालकीण अज्जी रोज सकाळी फाटकाशी दिसल्या की विचारतात, “तिंडी आयता?” म्हणजे नाश्ता झाला का. झाला असो वा नसो, “आयतु” म्हणायचं असतं, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकलो.

एनसीसीत रविवार म्हणजे बहुतेक वेळा परेडचा दिवस. त्यामुळे सप्टेंबरात एक रविवार पूर्ण मोकळा मिळाला, तेव्हा काय करावं ते पटकन सुचेना. त्यातून डोक्यात एक प्रश्न घोळत होता. त्याच आठवड्यात मिलिटरी हिस्ट्रीच्या पिरियडला मी मराठ्यांच्या घोडदळाबद्दल शिकवत होतो. वेग, रसद, गनिमी कावा, सगळं रंगात येऊन सांगितलं. पिरियड संपताना मागच्या बाकावरचा एक कॅडेट उभा राहिला. मुलगा मलनाडातला, शृंगेरीच्या बाजूचा. त्याने सावधान उभं राहून, अगदी अदबीने विचारलं, “सर, मग ते शृंगेरीला का आले होते?”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. त्यानंतर मठ पुन्हा उभा करायला टिपूने मदत दिली. त्याने शंकराचार्यांना लिहिलेली पत्रं मठाने जपून ठेवली आणि ती पुढे उजेडात आली. आपल्याकडे ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असते. शाळेच्या पुस्तकात ती मी तरी वाचलेली नाही. त्या मुलाच्या घरी ती आजीकडून आलेली होती. मी त्याला म्हटलं, “लूट झाली हे खरं आहे. का झाली ते पुढच्या परेडला सांगतो.” उत्तर अर्धवट द्यायचं नव्हतं.

तर तो रविवार. पहाटे पाचला डोळा उघडलाच, ती सवय जात नाही. सहाला मुफ्तीत बाहेर पडलो. ठरवलं एकच: आज किल्ला नाही, तोफ नाही, रणांगण नाही. पाय नेतील तिकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

टाकीच्या अलीकडे एक दर्शिनी आहे. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, कंबरभर उंचीची गोल टेबलं, आधी कूपन मग ताटली. मी चौचौ भात घेतला. एका वाटीएवढा तिखट खारा भात, शेजारी तेवढाच गोड केसरी भात. समोरच्या टेबलाला एक उंच आफ्रिकन तरुण काळी फिल्टर कॉफी पीत उभा होता. म्हैसूर विद्यापीठात आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी शिकतात, आणि मानसगंगोत्रीचा परिसर जवळ असल्यामुळे विजयनगरात ते सहज दिसतात. मी धीर करून म्हटलं, “हबारी?” त्याचा कप ओठांपाशीच थांबला. मग तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, “न्झुरी!”

तो टांझानियाचा, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावचा. घरचे कॉफीचे मळे. मला स्वाहिली कुठून येतं असं त्याने विचारलं. येतं म्हणजे चार शब्द. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर आमची पलटण पूर्व काँगोत गोम्याला होती, तिथे उचललेले. तो म्हणाला, मग तुला अर्धं स्वाहिली येतच असेल. खरंच आहे. त्यांचा ‘दुका’ म्हणजे आपलं दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘लाकी’ म्हणजे लाख. चहा तिथे ‘चाय’ आणि चपाती तर चपातीच. प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात, आपली सफर. समुद्रावरून व्यापार करणाऱ्यांनी शेकडो वर्षांत हे शब्द इकडून तिकडे नेले. मी त्याला सांगितलं की त्याच्या हातातल्या कपातली कॉफीसुद्धा त्याच्याच बाजूची. इथियोपियात उगवणारी ही झाडं येमेनमध्ये लागली, आणि तिथून बाबा बुदन नावाच्या फकिराने बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी इथली कथा आहे. तो डोंगर आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो म्हणाला, “पण दूध घालायची कल्पना तुमची. तेवढी मी माफ करतो.”

मानसगंगोत्रीपर्यंत आम्ही बरोबर चाललो. त्याला फुटबॉलला जायचं होतं. वाटेत फुलवालीशी तो कन्नडमध्ये बोलला, चुकतमाकत पण बेधडक, आणि माझ्यापेक्षा बरं. सुरुवातीला लोक वळून वळून बघायचे, म्हणाला. भाषा यायला लागल्यावर बघणं थांबलं नाही, पण बघून झाल्यावर लोक बोलायलाही लागले. मला गोमा आठवलं. तिथे आमच्याकडेही मुलं अशीच बघत राहायची.

तो मैदानाकडे वळला आणि मी कुक्करहळ्ळी तळ्याच्या बांधावर आलो. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी हे तळं करवून घेतलं. शेजारच्या विद्यापीठाच्या परिसराला मानसगंगोत्री हे नाव दिलं कवी कुवेंपूंनी, ते कुलगुरू असताना. सकाळी बांधावर सगळं शहर फिरायला येतं. तळ्यातल्या बेटावरच्या झाडांवर झोळीवाले पेलिकन आणि रंगीत करकोचे बसलेले. एका बाकावर बसलो. घड्याळ बघायची गरज नव्हती. असं बसणं मला याआधी एकदाच जमलं होतं, एन्तेबेला.

गोम्याहून सुट्टीला निघालो की आधी युगांडातल्या एन्तेबेला यावं लागे. मिशनचा विमानतळाचा तळ तिथे होता. एकदा पुढचं विमान एका दिवसाने लांबलं. एन्तेबे म्हटलं की कुठल्याही फौजी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते: जुलै १९७६, इस्रायली कमांडोंनी रात्री विमानं उतरवून सोडवलेले ओलीस, त्यात मेलेला त्यांचा लेफ्टनंट कर्नल योनातन नेतान्याहू. मीही आधी जुन्या टर्मिनलची चौकशी केली. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, “अरे, ती कारवाई तुला पाठ आहे. गाव बघ की.”

म्हणून आम्ही दोघं गाव बघायला निघालो. बोडा-बोडावर, म्हणजे तिथल्या मोटारसायकल टॅक्सीवर. हे नाव आलं ‘बॉर्डर, बॉर्डर’ या हाकेवरून. केनिया-युगांडा सरहद्दीवर दोन नाक्यांमधल्या पट्ट्यातून सायकलवर माणसं पोचवणारे अशी हाक द्यायचे. सरहद्द हा शब्द मी जन्मभर पहारा, तार आणि दुर्बीण यांच्याबरोबर ऐकलेला. तिथे तो भाड्याची हाक झाला होता. बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलो, १८९८ सालची बाग. झाडांवर माकडं, रस्त्याच्या दिव्यांवर टकले मारबू करकोचे, आणि बाग संपते तिथे व्हिक्टोरिया सरोवर. ६८,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं पाणी. पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही. काठावरच्या टपरीवर ‘रोलेक्स’ खाल्लं. घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं कोबी-टोमॅटोचं ऑम्लेट. इदी अमीनने १९७२ साली युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. माणसं गेली. चपाती राहिली, आणि टपरीवाल्याला ती परक्यांची आहे असं वाटतही नव्हतं. साहेब चिखलात चप्पल काढून बसले आणि तासभर काही बोलले नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांना असं नुसतं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

कुक्करहळ्ळीच्या बाकावर ते सगळं आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ गोम्याबाहेरची गावंही. त्या भागात हत्यारबंद टोळ्या अनेक. कोणी कशासाठी लढतंय याचं उत्तर प्रत्येकाकडे होतं, पण बहुतेकांना पगार कुणाचाच नव्हता. पगार नाही म्हणजे रोजचं जेवण समोरच्या गावातून. त्यामुळे रस्त्यावर बंदूक दिसली की बाया मुलं कडेवर घेऊन, चटया आणि पातेली डोक्यावर घेऊन चालू पडत. आपल्याच बाजूची टोळी की विरुद्ध बाजूची, हे बघायला कोणी थांबत नसे. पहिले काही दिवस आमची निळी टोपी पाहूनही पळत.

शृंगेरीचं उत्तर तिथेच होतं. मराठ्यांच्या मोठ्या मोहिमेत सरदारांच्या पागा आणि शिलेदार असत, आणि त्यांच्या मागे पेंढारी. पेंढाऱ्यांना पगार नव्हता. लुटीवर जगायचं आणि सरदाराला ‘पालपट्टी’ भरायची, असा तो व्यवहार. म्हणजे लूट हा शिस्तीतला एखादा बिघाड नव्हता, तिला हिशेबात जागा होती. मग वाटेत शत्रूचं ठाणं आलं काय आणि आपल्याच धर्माचा मठ आला काय. फौजेला महिन्याच्या महिन्याला पगार, लंगर आणि कडक कायदा का लागतो, हे मी रिक्रूटांना नेहमी सांगत आलो. त्यामागे शृंगेरीसारखी उदाहरणं आहेत, हे आता त्या कॅडेटला सांगता येणार होतं. आपले होते म्हणून मऊ करून सांगायचं नाही, आणि सगळे मराठे लुटारू असंही म्हणायचं नाही.

तळ्याची फेरी पूर्ण करून शहराकडे चालू लागलो. कृष्णराज बुलेवार्डच्या झाडांखालून जाताना ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटची जुनी दगडी इमारत लागते. रविवार, दार बंद. १९०५ साली इथल्या ताडपत्रांत आर. शामशास्त्रींच्या हाती कौटिल्याचं अर्थशास्त्र लागलं, आणि १९०९ साली त्यांनी ते छापलं. सैन्य, हेर, किल्ले, रसद यांवरचा आपला सगळ्यात जुना मोठा ग्रंथ एवढी शतकं नुसत्या उल्लेखांतून ठाऊक होता, आणि त्याची पोथी इथे एका ग्रंथपालाने ओळखली. रणांगण बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण फाटकाबाहेर उभा राहून कडक सॅल्यूट ठोकला. समोरचा शेंगदाणेवाला बघत राहिला.

देवराज मार्केटमध्ये शिरलो तेव्हा अकरा वाजले होते. कुंकवाचे आणि रंगाचे शंकूसारखे ढीग, केळ्यांचे घड, विड्याच्या पानांच्या चवडी, आणि मैसूर मल्लिगे. इथला मोगरा हातांच्या मापाने विकतात. कोपरापासून बोटांपर्यंत एक माप. चंदनाचं तेल विकणारा एकजण मागेच लागला. या तेलाची गोष्टही युद्धाचीच निघते. पहिल्या महायुद्धाआधी म्हैसूरचं चंदनाचं लाकूड तेल काढायला जर्मनीला जात असे. युद्ध पेटलं, जहाजं थांबली, लाकूड साचून राहिलं. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ साली इथेच तेलाचा कारखाना काढला, आणि त्यातून पुढे सँडल सोप आला. आमच्या आजोळी पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेला असायचा तो.

बाजारामागच्या गल्लीत पँटची उंची कमी करून घ्यायला एका शिंप्याकडे थांबलो. भिंतीवर विठ्ठल-रखुमाई. मी फोनवर घरी बोलत होतो, ते ऐकून म्हातारे शिंपी मान वर करून म्हणाले, “महाराष्ट्राकडचे का?” मराठीच, पण हेल वेगळा, क्रियापदं जुनी, आणि मधे मधे कन्नड. ते भावसार समाजाचे. कर्नाटकात या समाजाच्या कितीतरी पिढ्या गेल्या, तरी घरात अजून मराठी बोलतात. कुलदेवी हिंगलाज, ती आता पाकिस्तानात बलुचिस्तानात, देव पंढरपूरचा, भाषा आपली, आणि गाव म्हैसूर. मी विचारलं, तुमचे लोक इथे कधी आले? ते म्हणाले, कोणी पाच पिढ्या म्हणतं, कोणी पंधरा. मग मी जरा चाचरतच विचारलं, इथे मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या, थोरल्या माधवरावांच्या वेळेपासून. १७७१ ला मोती तलावाची लढाई, १७९२ ला श्रीरंगपट्टणचा वेढा. तुम्हाला कोणी कधी बोललं का त्यावरून?

त्यांनी दाताने दोरा तोडला. “लढाई राजांची, साहेब. आम्हाला दोन्हीकडचे अंगरखे शिवायचे होते.”

पैसे घेईनात. फार आग्रह केल्यावर घेतले, पण वर कॉफी पाजली.

बाजाराला लागूनच शहराचा मोठा रस्ता आहे. पाटीवर नाव वाचलं: सय्याजीराव रोड. म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा, बडोद्याचा महाराजा झाला, आणि त्याचं नाव म्हैसूरच्या अगदी मधल्या रस्त्याला. दसऱ्याची जंबू सवारी, सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती, याच रस्त्याने जातो. या शहरापर्यंत फौजा घेऊन आलेल्या पटवर्धन-फडक्यांची नावं इथे मला कुठल्या पाटीवर दिसली नाहीत. घोडा-तोफा न घेता आलेल्या मराठी राजाचं नाव मात्र रोज बसचे कंडक्टर घेतात.

जेवून, थोडा वेळ एका देवळाच्या ओट्यावर टेकून, पाचच्या सुमाराला पुन्हा रस्त्यावर आलो तर वाहतूक थांबलेली. दसऱ्याचे हत्ती सरावाला निघाले होते. दसऱ्याच्या आधी काही आठवडे जंगलातल्या कॅम्पांतून हत्ती शहरात आणतात, आणि राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत त्यांना चालवतात. गर्दीची, गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. पुढे पुढे पाठीवर वाळूची पोती चढवतात, कारण सोन्याची अंबारी सुमारे ७५० किलोची. तोफांचे आवाजही ऐकवतात. मी मोठ्याने हसलो. पिट्टूत वजन घालून रूट मार्च, आणि मधे मधे बॅटल इनॉक्युलेशन! आम्हाला नऊ महिने हेच करायला लावलं होतं. रांगेतला एक तरुण हत्ती सारखा बाजूच्या उसाच्या रसवाल्याकडे वळू बघत होता, आणि माहुत त्याला ज्या सुरात समजावत होता तो सूर कुठल्याही सेक्शन कमांडरने ओळखला असता.

मागून पोलिसांचे घोडेस्वार. म्हैसूरला घोड्यांची परंपरा जुनी. संस्थानचं घोडदळ ‘सिल्लेदार’ म्हणून ओळखलं जाई. शब्द आपल्या शिलेदाराचाच. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली, तेव्हा वेलस्लीच्या फौजेत म्हैसूरचे घोडेस्वार होते, आपल्याविरुद्ध. म्हणजे मोहीम फक्त आपणच इकडे आणली असं नाही. आणि २३ सप्टेंबर १९१८ ला, तारीख तीच, मैसूर लान्सर्सनी जोधपूर लान्सर्सबरोबर पॅलेस्टाइनमधलं हैफा घेतलं. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक त्यांची.

हत्तींच्या मागे मागे मीही बन्नीमंटपापर्यंत चालत गेलो. मिरवणूक इथे संपते. विजयादशमीला इथे शमीची पूजा होते, आणि रात्री मैदानावर मशालींची कवायत. आपल्याकडे दसऱ्याला शमी पुजून, आपटा लुटून सीमोल्लंघन करायचं. पावसाळा सरला, पिकं आली, घोड्यांना चारा झाला, की मराठी फौजा याच दिवशी घराबाहेर पडत. आणि १६१० पासून वोडेयर आधी श्रीरंगपट्टणला आणि मग म्हैसूरला हाच दसरा करत आले, विजयनगरच्या राजांकडून घेतलेला. म्हणजे आपलं सीमोल्लंघन ज्या दिवशी सुरू व्हायचं, त्याच दिवशी हे लोकही त्याच झाडापुढे शस्त्रं ठेवत होते. ज्या सीमा आपण ओलांडायचो त्यांतली एक यांची होती. तीस वर्षं दसरा साजरा केला, सरहद्दीवर, बर्फात, मिशनवरसुद्धा शस्त्रपूजा केली. हा विचार तोवर मनात आला नव्हता.

पुढच्या परेडला त्या कॅडेटला सगळं सांगितलं. पेंढारी, पालपट्टी, गोमा, पगार. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सर, आजी म्हणते, ते लोक गेले, पण तुम्ही त्यांच्या गावाला जाल तेव्हा जेवून या.” बारावीनंतर त्याला फौजेत यायचं आहे. मी म्हटलं, आलास तर सांगलीला आमच्या घरी जेवायला ये.

त्या रविवारी अंधार पडता पडता सिटी बस स्टँडवर पोचलो. सातला राजवाड्याचे दिवे लागले. रविवारी लागतात, सुमारे एक लाख, आणि अख्ख्या स्टँडवरचे लोक एकदम “हाऽ” म्हणतात, रोजचे प्रवासीसुद्धा. विजयनगरची बस लागली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, “विजयनगर, विजयनगर, बन्नी, बन्नी!”

कन्नडमध्ये शमीच्या झाडाला बन्नी म्हणतात. आणि पाहुण्याला ‘या’ म्हणायचं असलं तरी बन्नीच म्हणतात. मी बसमध्ये चढलो. पाय चांगलेच दुखत होते, आणि फाटकाशी अज्जी विचारणार होत्या, ऊटा आयता?